वाँटेड माणूस पोर्तुगेज रजिस्ट्रारसमोर सही करायला जाणार होता का? स्वातंत्र्यसैनिकांच्या विधवांच्या पेन्शनबद्दल एक खुलं पत्र

प्रति,
माननीय मुख्यमंत्री, गोवा राज्य,
आणि स्वातंत्र्यसैनिकांच्या पेन्शनची फाईल ज्यांच्या ज्यांच्या टेबलावरून जाते ते इथले, दिल्लीतले आणि बँकांमधले सगळे साहेब आणि मॅडम,

सा.न.वि.वि.

पत्र तुमच्या नावाने आहे पण लिहितेय उघड, कारण पाकिटात घालून दिलेली आधीची पत्रं इनवर्डचा शिक्का मारून घेतली गेली आणि पुढे त्यांचं काय झालं ते आजवर कुणी सांगितलेलं नाही. निदान चार लोकांनी वाचलं तर त्यातल्या कुणाचा तरी भाऊ, मेहुणा तुमच्या खात्यात असेल आणि तो तुमच्या कानावर घालेल. गोवा छोटा आहे, इथे कामं अशीच होतात हे तुम्हालाही माहीत आहे.

मी सून आहे. माझे सासरे गोवा मुक्तिलढ्यातले. १९५५ साली पोर्तुगेज पोलिसांनी पकडले तेव्हा विशीत होते, मार खाल्ला, आग्वादच्या किल्ल्यातल्या तुरुंगात राहिले, सुटल्यावर परत पकडायला यायच्या आत हद्द ओलांडून भारतातल्या बांद्याला गेले आणि गोवा मुक्त झाल्यावरच घरी आले. पुढे त्यांना पेन्शन मिळाली, ताम्रपत्र मिळालं, शाली तर इतक्या मिळाल्या की आमच्या घरात थंडीला चादर विकत घ्यावी लागली नाही. ते वारले. मागे सासूबाई आहेत, वय पंच्याऐंशी. सासरे गेले त्या महिन्यापासून पेन्शन बंद.

आता वाचणाऱ्यांसाठी सांगते, की आम्ही काही नवीन मागत नाही आहोत. केंद्राची जी स्वातंत्र्यसैनिक सन्मान पेन्शन आहे ती सैनिक वारल्यावर त्याच्या बायकोला मिळते, आणि अर्धी वगैरे नाही, जेवढी त्याला होती तेवढीच. हे नियमात लिहिलेलं आहे. ही योजना १९७२ ची, १९८० मध्ये तिचा विस्तार झाला, २०१६ मध्ये रक्कम वाढवून तिला महागाई भत्ता जोडला. म्हणजे सरकारने देताना हात आखडता घेतलाय असं मी म्हणणार नाही. कागदावर सगळं छान आहे. घोडं अडतं ते कागद आणि बाई यांच्या मधल्या खिडकीवर.

मागच्या महिन्यात घरी पत्र आलं, इंग्रजीत. मजकूर असा, की अर्जदाराने मयत स्वातंत्र्यसैनिकाशी झालेल्या विवाहाच्या नोंदणीचा दाखला किंवा सक्षम न्यायालयाचा आदेश सादर केलेला नाही, तीस दिवसांत सादर करावा, नाहीतर प्रकरण बंद करण्यात येईल. सासूबाईंनी विचारलं, काय लिहिलंय गो? मी म्हटलं, तुमचं लग्न झालं होतं की नाही असं विचारतायत. त्या हसल्या. मला काही हसू आलं नाही.

तर त्या लग्नाबद्दल सांगते, कारण सगळा प्रश्न तिथेच आहे.

सासूबाईंचं माहेर पेडणे तालुक्यातलं, हद्दीला लागून. १९५५ मध्ये सत्याग्रही बांद्याहून पत्रादेवीला यायचे, १५ ऑगस्टला तिथे गोळीबार झाला हे सगळ्यांना पाठ आहे कारण दरवर्षी तिथे हार घालायला तुम्ही जाता. त्याआधी आणि त्यानंतरही त्या भागातली घरं काय करत होती हे मात्र भाषणात येत नाही. सासूबाईंच्या घरी रात्री माणसं यायची, पेज पिऊन पहाटेच्या आधी निघून जायची, चिठ्ठ्या द्यायची. त्या चिठ्ठ्या तांदळाच्या मडक्यात तळाशी ठेवायच्या आणि मग शेणी वेचायला जाते असं सांगून पलीकडच्या वाड्यावर पोचवायच्या, हे काम घरातल्या पोरीचं, वय चौदा-पंधरा. पोर्तुगेजांचे पोलीस घराची झडती घ्यायला आले तेव्हा त्यांनी मडकं ओतलं होतं जमिनीवर. चिठ्ठी त्या दिवशी नव्हती, नशीब. पण तांदूळ मातीत गेला आणि वडिलांना धरून नेलं, पंधरवड्याने सोडलं तेव्हा एका कानाने ऐकू येत नव्हतं ते शेवटपर्यंत नाहीच आलं. याची नोंद कुठे आहे? कुठेच नाही. पंधरवडा म्हणजे तुमच्या हिशोबात काही नाही, तिथे निदान सहा महिन्यांची कैद लागते, बायकांना तीन महिन्यांची. आणि चिठ्ठ्या पोचवणारी पोर तर कधी पकडलीच गेली नाही म्हणजे तिने काही केलंच नाही.

लग्न ठरलं १९५९ मध्ये. नवरामुलगा बांद्याला, इकडे आला तर परत आत. भारत सरकारने आर्थिक नाकेबंदी केलेली, हद्द बंद, इकडून तिकडे जायचं तर परवाना पाहिजे, आणि त्या घरातल्या लग्नाला पोर्तुगेज परवाना कशाला देतील? म्हणून मामा रात्री घेऊन गेला, रानातून चालत, नेसत्या लुगड्यावर. तिथे एका देवळात लग्न लागलं. आईबाप लग्नाला नव्हते. फोटो नाही, पत्रिका नाही, भटजी कोण होता ते नाव सासूबाईंना आठवत नाही आणि आठवलं असतं तरी तो काय आज साक्षीला येणार आहे.

आता गोव्यात त्या काळी लग्न रजिस्टर करायची पद्धत होती, ती आजही आहे, पहिली सही मग दुसरी सही, साक्षीदार, सगळं. आपल्याकडे १८६७ च्या पोर्तुगेज सिव्हिल कोडपासून कागदाचा कारभार पक्का, याबद्दल आपण बाहेरच्या लोकांना मोठ्या कौतुकाने सांगतो. पण साहेब, जरा विचार करा. ज्या माणसाला पोर्तुगेज सरकार शोधत होतं त्याने त्याच सरकारच्या रजिस्ट्रारसमोर जाऊन आपलं नाव, बापाचं नाव, राहण्याचं ठिकाण सांगून सही करायची होती? गेला असता तर दाखला मिळाला असता यात शंका नाही, फक्त तो आग्वादच्या पत्त्यावर पाठवावा लागला असता. लढला म्हणून पेन्शन द्यायची आणि लढत होता म्हणून जो कागद करता आला नाही तोच कागद मागायचा, हे कुठलं डोकं?

मी हे एका टेबलावर बोलले. तिथल्या माणसाने, माणूस वाईट नव्हता, शांतपणे सांगितलं की मॅडम मुक्तीनंतर करायचं होतं ना. करायचं होतं, मान्य. पण १९६२ मध्ये ज्यांच्या घरात मूल होतं, दुसरं पोटात होतं, घराचं छप्पर पडलं होतं, त्यांना हे कुणी सांगितलं होतं का, की बाबांनो साठ वर्षांनी एक क्लार्क विचारेल, तेव्हा आत्ताच जाऊन सही करून ठेवा? आणि आता उशिरा नोंदणी करायची म्हटली तर दोघांनी हजर राहायचं. एक हजर आहे.

मग म्हणाले कोर्टातून डिक्लरेशन आणा. पंच्याऐंशी वर्षांच्या बाईने दिवाणी दावा लावायचा, त्यात प्रतिवादी कोण, तर तिचीच मुलं, आणि मुलांनी कोर्टात सांगायचं की हो ही आमच्या बापाची बायको. वकिलाची फी, तारखा. तोपर्यंत त्या असतील की नाही हे मी लिहीत नाही, घरात आहेत त्या, हे पत्र मला त्यांना वाचून दाखवायचं आहे.

यात मला सगळ्यात जास्त काय लागलं तर हे, की सगळा पुरावा तुमच्याकडेच आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हा. इतकी वर्षं पेन्शन दिलीत त्या फाईलमध्ये सासऱ्यांनी कुटुंबाचा तपशील भरलेला आहे, त्यात पत्नी म्हणून यांचं नाव आहे. रेशनकार्डावर आहे. मतदार यादीत नवऱ्याचं नाव म्हणून त्यांचं नाव आहे, आणि त्या यादीवर तुम्ही निवडणुका लढता. तिन्ही मुलांच्या जन्मदाखल्यावर आई म्हणून यांचं नाव आहे. आणि १८ जूनला क्रांतिदिनी, १९ डिसेंबरला मुक्तिदिनी जे सत्कार व्हायचे त्यांची आमंत्रणं सपत्नीक असायची, आमच्याकडे कार्डं आहेत. एका सत्काराचा फोटो आहे त्यात स्टेजवर तुमच्याच सरकारच्या माणसाच्या हातून यांना साडी आणि श्रीफळ दिलं जातंय. तेव्हा कुणी विचारलं नाही की बाई, तुझं लग्न रजिस्टर आहे का, नसेल तर नारळ परत कर.

ताम्रपत्र मी एकदा पिशवीत घालून घेऊन गेले होते. जड असतं ते. टेबलावर ठेवलं तर तिथली बाई म्हणाली हे प्रूफ म्हणून चालत नाही. नाही चालत ना, ठीक आहे, नियम असेल. पण तिने ते उचलून बघितलंही नाही, पेनाने जरा बाजूला सरकवलं कारण खाली तिचा रजिस्टर होता.

आणखी एक. आपण गोवेकर समान नागरी कायद्याबद्दल देशाला शिकवायला जातो. त्या कायद्याप्रमाणे वेगळा करार केला नसेल तर लग्न झाल्याबरोबर बायको निम्म्या मालमत्तेची मालक होते, नवऱ्याने घर विकायचं म्हटलं तरी तिची सही लागते, देशात इतर बहुतेक ठिकाणी नाही असा हक्क. मग जमीन विकताना जिची सही नसेल तर सेल डीड होत नाही ती बाई पेन्शनच्या खिडकीवर आली की एकदम परकी कशी होते? सासऱ्यांच्या वेळी एका जमिनीच्या व्यवहारात यांचा अंगठा पत्नी म्हणून सरकारी कचेरीतच घेतलेला आहे. तो चालला. तिथे कुणाला तरी जमीन पाहिजे होती म्हणून चालला असणार, असं माझं मत.

अंगठ्यावरून आठवलं. बँकेत केवायसी करायला गेलो तर मशीनवर अंगठा उठेना. परत परत पुसून, कापडाने, ओल्या टिश्यूने, दुसरं बोट, तिसरं बोट. उठणार कसा, सासरे लढ्यातून घरी आले तेव्हा हातात काही नव्हतं, या कैक वर्षं काजूच्या कारखान्यात बिया फोडायला जायच्या आणि त्या टरफलाच्या तेलाने बोटांची कातडी जाते, जळते, नवीन येते ती गुळगुळीत. ज्यांनी हे काम केलंय त्या बायकांची बोटं बघा कधीतरी हातात घेऊन. बँकेतला मुलगा म्हणाला चेहरा स्कॅन करू. चेहऱ्याच्या ॲपमध्ये डोळे मिचकवायला लागतात. एका डोळ्याला मोतीबिंदू, दुसऱ्याचं ऑपरेशन झालेलं, मोबाइल समोर धरला की या टक लावून बघत बसतात, कारण आयुष्यभर फोटो काढताना डोळे उघडे ठेव असंच सांगितलं गेलंय. शेवटी आम्ही घरी आलो.

हे एवढं आमच्या घरचं. पण मी फक्त घरचं रडगाणं गायला बसलेली नाही. माझं उत्तर गोव्यातल्या एका तालुक्याच्या गावी झेरॉक्स, टायपिंग आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे, कचेऱ्यांच्या रस्त्यावर. त्यामुळे कुणाचं काय अडलंय ते आधी माझ्याकडे कळतं, तुमच्याकडे नंतर. ही सगळी बाजू बघितल्यावर माझ्या लक्षात आलं की आमच्या सासूबाईंचं प्रकरण त्यातल्या त्यात सोपं आहे, कारण सासऱ्यांना निदान पेन्शन मंजूर तरी होती.

सत्तरी तालुक्यातली एक आजी येते, नातवाबरोबर. तिच्या नवऱ्याने कधी अर्जच केला नाही. देशासाठी केलं त्याचे पैसे कसले घ्यायचे, असं म्हणणारी माणसं होती साहेब, आज खोटं वाटेल. तो गेला, ताठ मानेने गेला, आणि मागे ही. आता हिने अर्ज करायचा तर नवरा तुरुंगात होता याचा पुरावा हिने आणायचा. तो कागद पोर्तुगीज भाषेत, लष्करी कोर्टाचा, कुठल्या गठ्ठ्यात असेल देव जाणे. मुक्तिलढ्याचे पुढारी टी. बी. कुन्हा यांना उचलून पोर्तुगालच्या पेनिशच्या किल्ल्यात नेऊन टाकलं होतं, त्याच लढ्यातले मोहन रानडे तर गोवा मुक्त झाल्यावरही सुटले नाहीत, लिस्बनच्या बाजूच्या तुरुंगातून बाहेर यायला १९६९ उजाडलं. म्हणजे त्या राजवटीचे कागद किती लांब गेलेत बघा, त्यांच्या गुप्त पोलिसांचं दप्तर आज लिस्बनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहे. सत्तरीतल्या आजीने तिथे जायचं आहे का?

बरं, कागद मिळत नसेल तर तशी सोय आहे म्हणतात. सरकारने लिहून द्यायचं की रेकॉर्ड उपलब्ध नाही, आणि मग बरोबर तुरुंगात असलेल्या सहबंद्यांची सर्टिफिकेटं जोडायची. हा नियम ज्यांनी केला तेव्हा सहबंदी जिवंत होते. पंचावन्न साली जो वीस वर्षांचा होता तो आज नव्वदीचा आहे. आजी मला म्हणाली, ज्यांची नावं मला माहीत आहेत ते सगळे वर गेले, तिकडून सही आणायची काय? मी तिला काय सांगू? फॉर्मवर तो कॉलम रिकामा ठेवला तर सिस्टीम पुढे जात नाही आणि टेबलावर दिला तर अपूर्ण म्हणून परत येतो.

नावांचा घोळ वेगळाच. जुन्या दाखल्यावर पोर्तुगीज स्पेलिंग, आधारवर आताचं इंग्रजी स्पेलिंग, एकाच नाईकचे दोन नाईक होतात, गावकरांचं तर विचारू नका. त्यात बाईचं माहेरचं नाव एक, लग्नात बदललेलं दुसरं, हाक मारायचं तिसरं. मशीनला या तीन बायका वाटतात. अफिडेव्हिट करा, पेपरात जाहिरात द्या, गॅझेटमध्ये नाव बदला. नाव बदललेलं नाही हो, फक्त लिहिणारा बदलला.

आणि एक गोष्ट जी मला कळायलाच वेळ लागला. आई-वडील दोघं गेले तर अविवाहित मुलीला पेन्शनचा हक्क आहे. पण नवरा वारला म्हणून बापाच्या घरी परत आलेली मुलगी असेल तर २०१४ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे तिला नाही. लग्नच केलं नाही ती चालते, लग्न करून कपाळ पुसून आली ती चालत नाही. हे दिल्लीचं आहे, पणजीचं नाही, तरी तुम्ही दिल्लीला लिहू शकता, आपले खासदार तिथे बसतात.

या बायका स्वतः काही लढल्या का, असं एकाने मला दुकानात विचारलं होतं, तावातावाने, टॅक्सच्या पैशाचा विषय काढून. सुधाताई जोशींसारख्या बायका १९५५ मध्ये म्हापशात उघड सत्याग्रह करून तुरुंगात गेल्या, त्यांचं नाव राहिलं, राहायलाच पाहिजे. पण प्रत्येक सत्याग्रहीच्या मागे घर होतं, आणि नवरा आत असताना म्हातारा सासरा, शेत, कर्ज, रात्रीअपरात्री दारावर बूट, हे ज्यांनी सांभाळलं त्यांना शिक्षा झाली नाही एवढंच, बाकी सगळं झालं. ज्यांना हिशोबच करायचा आहे त्यांनी हेही करावं, की गोवामुक्तीची साठ वर्षं साजरी करायला २०२१ च्या केंद्रीय बजेटमध्ये ३०० कोटी जाहीर झाले होते. झाले ते चांगलंच झालं. त्यातून काय काय झालं त्यात मी पडत नाही. पण मांडव घालायला पैसे असतात आणि ज्यांच्या नावाने मांडव त्यांच्या बायकांच्या फाईली तपासायला स्टाफ नसतो हे कुणी मला समजावून सांगा.

कायद्याचं म्हणाल तर मी काही वकील नाही, पण दुकानात वकील येतात आणि झेरॉक्स करता करता वाचायची मला सवय आहे (त्यांना माहीत नाही, आता कळेल). सुप्रीम कोर्टाचे दोन निकाल त्यात माझ्या हाताखालून गेले. एक १९९३ चा, मुकुंदलाल भंडारी यांच्या केसचा, त्यात निजामाच्या राज्यातल्या आर्य समाजाच्या सत्याग्रहात गेलेल्या लोकांचा प्रश्न होता, आणि कोर्टाने सांगितलं की अर्ज उशिरा आला एवढ्यावरून पेन्शन नाकारू नका. दुसरा २००१ चा, गुरदयाल सिंग यांचा, त्यात कोर्ट म्हणतं की अशा प्रकरणात फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागायचा नसतो, शक्यता पटते का ते बघायचं. ज्या पत्राने मला हे लिहायला लावलं ते पत्र काढणाऱ्याने यातला एक जरी वाचला असता तर ते पत्र निघालं नसतं. आता माझ्याकडे दोन्हींच्या कॉप्या आहेत, पाहिजे असतील तर फुकट देते.

आता मागणं काय ते सांगते, सरळ, कारण नुसती तक्रार केली की तुम्ही म्हणता सूचना काय ते बोला.

पहिलं, मुक्तीच्या आधी झालेल्या लग्नांसाठी नोंदणीचा दाखला मागणं बंद करा. मतदार यादी, रेशनकार्ड, मुलांचे जन्मदाखले, जुन्या पेन्शन फाईलमधलं कुटुंबाचं पान, यातलं जे असेल ते घ्या, आणि काहीच नसेल तर तलाठ्याला गावात पाठवून पंचनामा करा. गावाला माहीत असतं कोण कुणाची बायको. हे करायला नवीन कायदा लागत नाही, एक सर्क्युलर पुरतं. तुमच्याकडून चतुर्थीच्या सुट्टीचं सर्क्युलर एका दिवसात निघतं.

दुसरं, स्वातंत्र्यसैनिक वारला की पुढच्या महिन्यापासून बायकोला तात्पुरती पेन्शन चालू करा आणि तपासणी काय करायची ती नंतर करा. सरकारी नोकर वारला तर त्याच्या घरच्यांना फॅमिली पेन्शन मिळेपर्यंत काहीतरी तात्पुरतं मिळतं, मग यांना का नाही. आणि शेवटी मंजूर झाल्यावर थकबाकी तो वारला त्या दुसऱ्या दिवसापासूनची द्या, अर्ज पूर्ण झाल्याच्या तारखेपासूनची नको, कारण अर्ज पूर्ण कधी झाला हे तुम्ही ठरवता.

तिसरं, नव्याने अर्ज करणाऱ्या विधवांसाठी सहबंद्याच्या सर्टिफिकेटची अट काढा, ती माणसं राहिलेली नाहीत. राज्याच्या गॅझेटियर खात्याने १९८६ साली स्वातंत्र्यसैनिकांची चरित्रात्मक नामावली छापलेली आहे, त्यात नाव असेल तर तोच पुरावा धरा. नसेल त्यांच्यासाठी पुराभिलेख खात्याने कागद शोधून द्यायचे, पोर्तुगीजमधून भाषांतर सरकारने करून घ्यायचं आणि लिस्बनला विचारायचं असेल तर ते पत्र सरकारने लिहायचं. यासाठी म्हातारीकडून पैसे घ्यायचे नाहीत.

चौथं, हयातीचा दाखला आणि केवायसीसाठी ऐंशीच्या वरच्या माणसांच्या घरी माणूस पाठवा. अंगठा उठला नाही म्हणून किंवा डोळा मिचकला नाही म्हणून पेन्शन थांबवायची नाही. समोर बाई बसलेली दिसतेय, ती जिवंत आहे, तसं लिहून सही करा.

पाचवं, पत्रं मराठीत किंवा कोकणीत पाठवा. १९८७ च्या राजभाषा कायद्यात कोकणी राजभाषा आहे आणि मराठीही सरकारी कामाला चालते. ज्या बाईचं प्रकरण बंद करताय तिला निदान ते का बंद होतंय ते वाचता येऊ दे.

विधवा मुलींचा विषय दिल्लीकडे ठरावाने पाठवा, विधानसभा तुमची आहे.

आणि प्रत्येक तालुक्यात या कामासाठी एक माणूस नेमा ज्याचं नाव आणि फोन नंबर बोर्डावर असेल. एकच माणूस. म्हणजे आज सुट्टीवर, उद्या ट्रेनिंगला, परवा इलेक्शन ड्युटीवर असला तरी आमचं बोट त्याच्याकडेच जाईल.

सासूबाईंच्या पत्राला तीस दिवसांची मुदत आहे त्यातले काही गेले. त्या मुदतीत मी दाखला देऊ शकत नाही, हे आधीच लेखी कळवते. वर सांगितलेल्या सगळ्या कागदांच्या कॉप्या, सत्काराच्या फोटोसकट, फाईल करून उद्या स्पीड पोस्टाने परत पाठवतेय, तिसऱ्यांदा का चौथ्यांदा ते तुमच्या इनवर्डला विचारा. प्रकरण बंद केलंत तर कारण लिहून बंद करा, म्हणजे पुढे कोर्टात तेच कारण लावता येईल.

आणि ज्यांच्या घरी अशी फाईल पडून आहे त्यांच्यासाठी: ताम्रपत्र, जुनं पेन्शन पासबुक, रेशनकार्ड, मुलांचे दाखले, जे असेल ते घेऊन या. ओरिजिनल कुणाच्या टेबलावर सोडून येऊ नका, पोच घेतल्याशिवाय कागद देऊ नका, आणि तोंडी नाही म्हणाले तर तेच लेखी मागा. या कामाच्या झेरॉक्सचे आणि फॉर्मचे पैसे मी घेत नाही. दुपारी एक ते तीन दुकान बंद असतं.

आपली,
एका स्वातंत्र्यसैनिकाची सून,
उत्तर गोवा